डाव्या कानातला संबळ

किसनभाऊची प्रांजल परवा लॅपटॉप घेऊन आली आणि माझ्या पलंगाच्या कडेला मांडी घालून बसली. किसनभाऊ माझा थोरला भाऊ, आणि ही त्याची धाकटी लेक. ती घरातच गाणी रेकॉर्ड करते. कपाटाचं दार उघडून आत टांगलेल्या साड्यांकडे तोंड करून गाते, म्हणजे आवाज घुमत नाही. मी जन्मभर रेडिओ, टेप आणि अँप्लिफायर दुरुस्त केले, त्यामुळे कुठे अडलं की ती माझ्याकडे येते. निदान तसं दाखवते तरी. "आत्या, ड्रम कसे ठेवू?" तिनं विचारलं. "समोर बसून ऐकणाऱ्याला वाटतात तसे, की वाजवणाऱ्याला वाटतात तसे?" ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला जे असतं ते समोर बसलेल्याच्या डाव्या हाताला येतं. रेकॉर्डिंग करताना कुठलं वाद्य कुठल्या कानात पाठवायचं हे एका बटणावर ठरतं, आणि ते बटण कुणाच्या बाजूने फिरवायचं एवढाच तिचा प्रश्न होता. एका शब्दात उत्तर देता आलं असतं. मी म्हटलं, "आज राहू दे गं, दमलेय मी." हल्ली मला दमायला कारण लागत नाही, पण त्या दिवशी होतं.

माझ्या लहानपणापासून आम्ही द्वारका चौकाच्या मागच्या एका गल्लीत राहायचो, पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या दोन खोल्यांत. भिंत एकच. पलीकडे पट्टा फिरायला लागला की अलीकडे आईच्या मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायला लागायच्या, त्या पार दिवेलागणीपर्यंत. घरातल्या प्रत्येक वस्तूवर पिठाचा पातळ थर. सकाळी पुसावा तर दुपारी पुन्हा हजर. आई म्हणायची, "ह्या घरात कुनी उपाशी मरायचं नाय. भिंत चाटली तरी दोन घास व्हत्यात." गिरणी रशीदचाचांची. माणूस मनाचा मोठा, पण इतकी वर्षं पट्ट्याशेजारी काढून कानाने पार अधू झालेला. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि गिरणी बंद असली तरी तेही ओरडूनच उत्तर द्यायचे. त्यात पुन्हा द्वारकेच्या चौकातले ट्रकांचे हॉर्न, जीपवाल्यांची "सिन्नर, सिन्नर" अशी हाक. या सगळ्यात मी लहानाची मोठी झाले. शांतता फक्त वीज गेली की मिळायची, आणि तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे अवघडून बघत बसायचो.

आमचे आबा गोंधळी. लग्न झालं की त्या घरी देवीचा गोंधळ घालायचा, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची वृत्ती. चांदवडच्या बाजूची कांदे पिकवणारी गावं आमची. तिथली घरं आमची यजमान. गाणं आणि तुणतुणं चुलतकाकांकडे, आणि संबळ आबांकडे. संबळ म्हणजे दोन लहानमोठे नगारे, एकमेकांना जोडून कमरेला बांधलेले. लहान उजवीकडे, मोठा डावीकडे. उजव्या हातात सरळ काडी, डाव्यात टोकाशी वाकलेली. सगळी बोलाचाली लहान्याची, मोठा नुसता हुंकार देणार. आमच्या घरात ही जोडी उलटी बांधायची नाही असा दंडक होता. का, म्हणून विचारलं तर आबा म्हणायचे, "आजा सांगून गेला." पुढे विचारायची सोय नव्हती.

किसनभाऊ पाच-सहा वर्षांचा झाला तेव्हापासून आबा त्याला समोर बसवायचे. आबांपुढे संबळ, भाऊपुढे वनस्पती तुपाचे दोन रिकामे डबे, एक मोठा, एक लहान. "माझ्याकडं बघ आन वाजीव." शिकवणी म्हणून एवढीच. मी दारात बसून हरभरे सोलत किंवा नुसतीच बघत असायची. मुलींना कुणी समोर बसवत नसे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. मला त्या डब्यांपेक्षा शेजारच्या गिरणीची मोटर कशी फिरते याची ओढ होती. सीझनमध्ये आबा आठ-आठ दिवस गावोगाव असायचे. भाऊ एकटाच डबे बडवायचा. तो वयात आल्यावर आबांनी पहिल्यांदा खरा संबळ त्याच्या कमरेला बांधला, तेव्हा त्यानं तो सोडला आणि फिरवून घेतला. लहान डावीकडे, मोठा उजवीकडे. गंमत अशी की भाऊ जेवायचा उजव्या हाताने, लिहायचा उजव्याने, दगडसुद्धा उजव्याने मारायचा. संबळापुढेच तेवढा उलटा. आबांना वाटलं, पोरगं मुद्दाम करतंय. मार देऊन झाला, उपाशी ठेवून झालं. सरळ बांधला की त्याचे हात लाकडाचे व्हायचे आणि उलटा बांधला की असा वाजायचा, की रशीदचाचा गिरणीच्या दारात येऊन उभे राहायचे. त्यांना काय ऐकू येत असेल देव जाणे. म्हणायचे, "पैर को मालूम पडतं, बेटा. जमीन सांगते."

मग चांदवडजवळच्या एका यजमानाच्या घरी ते झालं. मी तिथे नव्हते, काकांनी सांगितलं. आबांना ताप होता. दिवेलागणीला ते म्हणाले, "किसन, तू सुरू कर, मी बसतो जरा." भाऊनं कातडी तापवली, संबळ कमरेला बांधला, अर्थातच उलटा, आणि पहिली थाप टाकली. आबा तापात उठून आले. भरल्या अंगणात, नवरा-नवरीसमोर, त्यांनी स्वतःच्या हातांनी त्याच्या कमरेची गाठ सोडली. "देवीपुढं उलटी जोडी चालनार नाय. घरी जा." भाऊ गेला, पण घरी नाही आला. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात चिकटला, तिथेच खोली घेऊन राहिला. चार वर्षं त्यानं आमचा उंबरा ओलांडला नाही.

सिन्नरच्या जीप द्वारकेवरच थांबतात. एक आड एक रविवारी आई पिशवीत डबा घालून "भाजी घिऊन येते" म्हणायची आणि बाहेर पडायची. डब्यात शेंगोळे असायचे. हुलग्याच्या पिठाचे, लसणाच्या पाण्यात शिजवलेले, भाऊला लहानपणापासून जीव की प्राण. मायलेक चौकातल्या रसाच्या गाड्याजवळ उभे राहून दहा मिनिटं बोलायचे, आणि आई रिकामा डबा घेऊन परत. भाजी आणायची बहुतेक वेळा विसरायची. आबा विचारायचे नाहीत. मला वाटायचं त्यांच्या लक्षात येत नाही. पुरुषांच्या काय लक्षात येतं, असा माझा तेव्हा मोठा तोरा होता.

भाऊ गेल्याच्या चौथ्या वर्षी आबांचं उजवं मनगट सुजायला लागलं. गोंधळाहून आले की तासभर गरम पाण्यात हात बुडवून बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "थंडी हे." चैत्रातसुद्धा थंडी! मी तेव्हा द्वारकेजवळच्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. आयटीआय करून आलेली पहिली मुलगी म्हणून गिऱ्हाईकं आधी मला बघायला यायची, मग रेडिओ दाखवायची. दिवसभर डोळे फोडून घरी यावं तर समोर हे, परातीत हात घालून बसलेले आबा. मनात एकच विचार फिरायचा. हा हात थांबला तर संबळ खुंटीला जाणार. ज्यानं घ्यायचा तो सिन्नरला, आणि ज्यानं बोलवायचं तो बोलवत नव्हता. भाऊला परत आणणं माझ्या हातात नव्हतं, पण आबांचा हात टेपवर उतरवून ठेवणं होतं. दुकानात एक चार माइकांचा मिक्सर गिऱ्हाईकानं दुरुस्तीला टाकून विसरलेला पडला होता. मालकांना म्हटलं, घरी नेते. ते म्हणाले, "ने, पण पिठात घालू नकोस." मिक्सर, एक कॅसेट डेक, दोन माइक आणि एक हेडफोन, एवढा संसार मी रिक्षात घालून घरी आणला.

आबा आधी तयार नव्हते. "डब्यात देवी बसत नाय," म्हणाले. आई म्हणाली, "देवीसाठी कोन म्हनतंय? माझ्यासाठी वाजवा. इतकी वर्सं झाली, तुमी लोकांच्या अंगनात वाजीवता, मी कधी बसून ऐकलंय का?" तेव्हा आबा तयार झाले. पण खरी अडचण पुढेच होती. गिरणी चालू असेल तर टेपवर संबळ कमी आणि पट्टा जास्त. वीज गेली की गिरणी थांबायची, पण मग माझं डेकही थांबायचं. राहिला सोमवार, गिरणीच्या सुट्टीचा. पहिल्या सोमवारी खिडक्यांना गोधड्या लावल्या, माइक लावले, आणि रशीदचाचांनी सुट्टी म्हणून जाती टाकायला घेतली, म्हणजे झिजलेले दगड टाचून खडबडीत करायला. छिन्नी-हातोडा, ठाक-ठाक-ठाक. दुसऱ्या सोमवारी आबांना चांदवडला एका यजमानाकडे जावं लागलं. आईनं तेवढ्यात गोधड्या काढून धुतल्या आणि मी डेकच्या तोंडातलं पीठ स्पिरिटने पुसत बसले. तिसऱ्या सोमवारी मी चाचांच्या कानाशी जाऊन ओरडले, "दोन तास फक्त!" ते म्हणाले, "दो घंटे काय, पूरा दिन घे. मी नमाज पढून झोपतो."

आबा भिंतीला टेकून बसले, संबळ पुढ्यात. मी त्यांच्या समोर दाराजवळ, मिक्सर मांडीपाशी. एक माइक लहान्यावर, एक मोठ्यावर. मला लहान डावीकडे दिसत होता, म्हणून त्याचं बटण मी पूर्ण डावीकडे फिरवलं. मोठा उजवीकडे दिसत होता, त्याचं उजवीकडे. यात काही विचार करण्यासारखं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माणूस जिथे बसतो तिथूनच बघतो. आबांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. मी आजवर त्यांचा संबळ भिंतीपलीकडून, अंगणातून, झोपेत ऐकला होता. इतक्या जवळून, समोर बसून, कधीच नाही. अंगावर काटा आला. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. वीसेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात गिरणीचं शटर कुणीतरी धडाधडा वाजवायला लागलं. मी टेप तशीच चालू ठेवून, दार हळूच लावून बाहेर पळाले. एक बाई डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन उभी. आज सोमवार आहे म्हटलं तर म्हणते, "मंग तुमीच दळा, तुमचंच घर नं शेजारी?" तिला समजावून, तिचा डबा आमच्या ओट्यावर ठेवून घेऊन आत आले, तर वाजवणं संपलेलं. आबांचा हात परातीत, गरम पाण्यात. टेप फिरतच होती. "झालं का?" विचारलं तर म्हणाले, "झालं. लय झ्याक झालं." मी टेप बंद केली, मागे घेतली, सुरुवातीची मिनिट-दोन मिनिटं हेडफोनवर ऐकली. आवाज स्वच्छ आला होता. मी खूश. हेडफोन आबांच्या डोक्यावर चढवला.

त्यांनी कधी हेडफोन लावला नव्हता. आधी दचकले, मग डोळे मिटले. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. मांडीवर बोटं चालायला लागली, उजव्याने लहान्याचे बोल. चार-सहा ठोके गेले आणि बोटं अडखळली. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, पुन्हा मिटले. आणि मग हात बदलले. डावा लहान्याचे बोल टाकायला लागला, उजवा मोठ्याचे. त्या क्षणी मला कळलं मी काय करून ठेवलंय. त्यांचा उजवा हात मी त्यांच्या डाव्या कानात घातला होता. आबांच्या कानात उलटी जोडी वाजत होती. आता हेडफोन काढून फेकतील, आईच्या नावाने ओरडतील, म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी काढला नाही. शेवटपर्यंत ऐकलं. टेप संपून खट्‌कन थांबली. मग हेडफोन हळूच काढून मांडीवर ठेवला आणि विचारलं, "किसन कधी आला व्हता?"

मला समजेना. मी "आँ?" केलं.

"मागल्या सोमवारी मी चांदवडला गेल्तो. तवा आला व्हता का? ही त्याची टेप लावलीस तू. उलटी जोडी हे."

तोंड उघडलं होतं मी, बटणाचं सगळं सांगायला. डावं, उजवं, मी कुठे बसले, सगळं. आत आईच्या हातातली पळी थांबली. मागल्या सोमवारी ती दिवसभर घरात होती, तिला तर पक्कं ठाऊक होतं की किसन आला नव्हता. आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. "हो आबा. आला होता." जन्मात मी आबांशी खोटं बोलले ती पहिली आणि शेवटची वेळ. पळी पुन्हा फिरायला लागली. आबा म्हणाले, "हात बरा बसलाय त्याचा." थोड्या वेळाने म्हणाले, "किसनला बोलव." कॅसेट त्यांनी डेकमधून काढायला लावली, संबळाच्या कापडी पिशवीत घातली आणि मला बजावलं, "देवीच्या वस्तूत ठिवलीय. हात लावायचा नाय."

शनिवारी मी सिन्नरची जीप पकडली. शिफ्ट सुटली तसा भाऊ गेटबाहेर आला, हाताला काळं तेल, गालफडं बसलेली. टपरीवर बसून मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि बशीतला चहा तसाच निवत होता. मी संपवलं तेव्हा हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

"म्हंजी मी न जाताच वाजवून आलो."

"हो."

"आन म्हातारा म्हनतो, हात बरा बसलाय. सुमे, ते स्वतःच्याच हाताला बरं म्हनलंय त्यानं. माझ्या न्हाय."

"भाऊ, ये तर तू. बोलावलंय त्यांनी. चार वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं तुझं."

"आलो आन म्हनला वाजीव, मंग? चार वर्सं कातड्याला हात नाय लागला माझा. तिथं पहिल्याच थापेला कळंल त्याला, की ते मी नव्हतो." त्यानं चहा एका घोटात पिऊन टाकला. "तू खोटं बोललीस, आन निस्तरायचं मी." मला रडू आलं. खरंच होतं ते. मी म्हटलं, "मला दुसरं काही सुचलं नाही रे." परतीच्या जीपमध्ये नऊ माणसांत दहावी होऊन बसले होते, समोरच्या बाकावरची म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि एकदम लक्षात आलं. भाऊसुद्धा समोरच बसायचा. आबांकडे बघून वाजवायचा. आबांचा उजवा हात हलला की पोर समोरचा, आपला डावा हलवायचं. आरशात बघून भांग पाडावा तसं. तो डावखुरा नव्हताच. आबांनीच त्याला तिथे बसवला होता. इतकी साधी गोष्ट आमच्या घरात इतकी वर्षं कुणाला कळली नाही, आणि मलाही कळली ती बटण चुकीचं फिरवल्यावर.

भाऊ आला. रविवारी दुपारी, हातात कांद्याच्या पातीची जुडी घेऊन, जणू भाजीच आणायला गेला होता. आईनं शेंगोळे केले होते. बापलेक शेजारी शेजारी जेवले आणि एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. आबा डाव्या हाताने पाणी ओतून घेत होते. वाजवून दाखव, असं त्यांनी म्हटलंच नाही. मला हायसं वाटलं. एवढंच म्हणाले, "पुढल्या शुक्रवारी चांदवडला लगीन हे. यायचं." आईनं मला आणि स्वतःला हट्टानं त्यात घुसवलं. बायका गोंधळाला जात नाहीत वगैरे काका म्हणत होते, तर ती म्हणाली, "मी पाव्हनी म्हनून जाते, तुमचं काय जातंय?" त्या घरच्या अंगणात देवीचा चौक मांडला, दिवटी लागली, आणि आबांनी संबळ उचलून भाऊच्या कमरेला बांधला. स्वतः. लहान डावीकडे, मोठा उजवीकडे. गाठ घालताना त्यांची उजवी बोटं नीट वळत नव्हती, भाऊनं मदत केली. घरातला एक म्हातारा लगेच पुढे आला. "बुवा, जोडी उलटी बांधली तुमी. आमच्यात चालत नाय." भाऊचा चेहरा पांढराफटक. आबा म्हणाले, "पाटील, हे पोरगं माझ्या समोर बसून शिकलं. समोरच्याला उजवा हात डावीकडंच दिसतो. आन देवीपन समोरच बसती. तिला माझी जोडी इतकी वर्सं उलटीच दिसली असंल. ती काय बोलली नाय. चूक झाली असंल तर माझी, पोराची नाय." आणि ते भाऊच्या समोर जाऊन बसले. मी अचंबित झाले. जीपमध्ये मला जे कळलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, म्हाताऱ्याला आपलं आपणच सुचलं असेल.

भाऊनं त्या दिवशी फार चांगलं वाजवलं असं मी म्हणणार नाही. चार वर्षांचा गंज होता, दोनदा ठेका सुटला. आबांनी कपाळाला आठी घातली पण बोलले नाहीत. त्यानंतर सगळं गोडीगुलाबीचं झालं असंही नाही. दोघं शेवटपर्यंत भांडले, कधी कातड्यावरून, कधी कारखान्याच्या सुट्टीवरून. पण भांडायला भाऊ घरी असायचा. आबांनी त्यानंतर संबळ हातात घेतला नाही. मला वाटायचं, मानानं दिला आणि मोकळे झाले. पुढे आबा गेले, मग आई. खोट्याचं ओझं तेवढं माझ्याकडे राहिलं. आबांना मरताना तरी सांगायला हवं होतं, की तो किसन नव्हता, तुम्हीच होतात. कैकदा तोंडाशी आलं. नाही सांगितलं. वयाबरोबर माणसाला सगळ्याची सवय होते म्हणतात, मला याची झाली नाही.

तर प्रांजलच्या प्रश्नाला उत्तर न देता मी दोन दिवस पडून राहिले, आणि तिसऱ्या दिवशी तिला फोन केला. म्हटलं, संबळाच्या पिशवीत एक कॅसेट आहे, घेऊन ये. माझं जुनं डेक अजून चालतं, पट्टा मीच बदलते. तिनं डेकची वायर लॅपटॉपला जोडली. पडद्यावर दोन पट्ट्या सरकायला लागल्या. वरची डाव्या कानाची, खालची उजव्या कानाची. वर लहान, खाली मोठा. टेप खरखरत होती, पण हात तोच. प्रांजल म्हणाली, "आत्या, हे बाबा आहेत ना? उलटी जोडी आहे." मी टेप पुढे चालू दिली. वीसेक मिनिटांनी शटरचा आवाज आला, आणि दार लावल्याचा. ती मी, बाहेर पळणारी. याच्या पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं. ठेका आणखी थोडा चालला. मग लहान्याचे तीन ठोके अगदी दुबळे पडले, चौथा पडलाच नाही, आणि फरशीवर काडी पडल्याचा आवाज आला.

मग आबांचा आवाज. "ऐकलं का... काडी सुटली. बोटाला कळतच नाय काय धरलंय ते. हात गेला."

आई म्हणाली, "गरम पानी आनू?"

"आन. आन पोरीला काय सांगू नको. लय हौसेनं मांडलंय तिनं."

परात ठेवल्याचा आवाज. पाणी. मग दार, आणि माझा तरुण, उतावळा आवाज, "झालं का?" आणि आबा, "झालं. लय झ्याक झालं."

खट्.

हे सगळं आबांनी त्या दिवशी हेडफोनवर ऐकलं होतं. स्वतःच्याच तोंडचं, शेवटपर्यंत. आणि वाजवणारे आपणच हे पक्कं ठाऊक असताना हेडफोन काढून मला विचारलं होतं, किसन कधी आला व्हता. कॅसेटला हात का लावू दिला नाही, तेही आता कळलं. मला आधी राग आला. इतकी वर्षं मी जळत राहिले आणि या दोघांनी मला जळू दिलं, आईनंसुद्धा. मग रडले. प्रांजल घाबरली, पाणी घेऊन आली. पडद्याकडे बोट दाखवून मी तिला विचारलं, बोलण्याचा आवाज कुठल्या बाजूला आहे. तिनं बघितलं. "मधोमध आहे आत्या. दोन्ही माइकांत सारखाच आलाय." थोड्या वेळाने तिनं विचारलं, "डावं-उजवं बदलून देऊ का? एका क्लिकचं काम आहे. आणि शेवटचं बोलणं कापू?"

मी म्हटलं, "काही करू नकोस. किसनला बोलव."